जुलैमधली बास टूर्नामेंट आणि लाइव्हवेलमधले पाच मासे

टेक्सासमधल्या डॅलसच्या आजूबाजूच्या लेक्सचं पाणी जून संपेपर्यंत ८५-८६ फॅरनहाइटला पोचतं, म्हणजे जवळजवळ तीस सेल्सिअस, आणि ऑगस्टमध्ये वरचा थर नव्वदीला टेकतो. आणि नेमक्या त्याच दिवसांत क्लबच्या टूर्नामेंटा जोरात असतात, कारण मुलांना सुट्ट्या, दिवस मोठा, ऑफिसात कामं जरा सैल. मी इथे आल्यापासून बास फिशिंगच्या नादाला लागलोय आणि गेली काही वर्षं क्लबच्या वे-इनला, म्हणजे शेवटी माशांचं वजन करतात तिथे, मासे सोडायच्या टाकीपाशी उभा राहतो, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. बास म्हणजे इथे बहुतेक वेळा लार्जमाउथ बास, गोड्या पाण्यातला शिकारी मासा, मोठ्या तोंडाचा, हिरवट. टूर्नामेंटमध्ये दिवसभरात पकडलेल्यांपैकी सगळ्यात जड पाच मासे जिवंत ठेवायचे, बोटीतच एक पाण्याची टाकी असते तिला लाइव्हवेल म्हणतात त्यात, आणि तीन वाजता परत येऊन वजन करायचं आणि मासे पुन्हा लेकमध्ये सोडायचे. नवीन मोठा लागला की सगळ्यात हलका बाहेर, याला कलिंग म्हणतात. मासा मेलेला आणला तर वजनातून दंड, बी.ए.एस.एस. या बास फिशिंगच्या मोठ्या संस्थेच्या स्पर्धांत मेलेल्या प्रत्येक माशामागे चार औंस कापतात. म्हणजे मासा जिवंत आणण्यात सगळ्यांचाच स्वार्थ आहे आणि खरं सांगायचं तर तराजूपर्यंत बहुतेक मासे जिवंतच येतात.

प्रश्न त्याच्या पुढे सुरू होतो. वजन झालं, टाळ्या झाल्या, मासा पाण्यात सोडला, शेपटी मारून खाली गेला, सगळे खूश. पण उन्हाळ्यात त्यातले बरेच मासे दोन-तीन दिवसांनी मरतात आणि ते कुणाच्या हिशेबात येत नाहीत. फिशरीज बायोलॉजिस्ट लोकांनी टूर्नामेंटचे मासे पिंजऱ्यात नाहीतर तळ्यात काही दिवस ठेवून हे मोजलंय, आणि एकामागून एक अभ्यासात तेच दिसतं की पाणी जितकं गरम तितके नंतर मरणारे जास्त, आणि ऐंशी फॅरनहाइटच्या वर गेलं की आकडा झपाट्याने चढतो. मला जे सांगायचंय ते एवढंच आहे की जुलै-ऑगस्टमध्ये “सोडला तेव्हा पोहत होता” हे पुरेसं नाही, त्या माशाचं जगणं-मरणं सकाळी सात ते दुपारी तीन या वेळात तुमच्या टाकीत ठरलेलं असतं.

कारण साधं फिजिक्स आहे. पाणी थंड असलं की त्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो, गरम झालं की कमी. दहा सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम मावतो, तीस सेल्सिअसला साडेसात. आणि हा सुद्धा पूर्ण भरलेला आकडा, टाकीत तितका कधीच नसतो. आता दुसरी बाजू बघा, मासा थंड रक्ताचा, पाणी गरम झालं की त्याच्या शरीराचा कारभार वेगाने चालतो, दहा सेल्सिअसने तापमान वाढलं तर ऑक्सिजनची गरज ढोबळमानाने दुप्पट. म्हणजे पुरवठा कमी आणि मागणी दुप्पट, आणि वर तो मासा नुकताच गळाला लागून जिवाच्या आकांताने झुंजलेला, स्नायूंत लॅक्टिक ॲसिड साठलेलं, त्याला उसनं फेडायलाच जास्तीचा ऑक्सिजन लागतो. लिटरमागे पाच मिलिग्रॅमच्या खाली गेलं की बासला त्रास सुरू होतो. पाच मासे मिळून वीस पौंड आणि पाणी जेमतेम वीस-तीस गॅलन, अशा टाकीत पंप बंद राहिला तर ही पातळी यायला फार वेळ लागत नाही, आणि वरून बघून काहीच कळत नाही, मासा शांत दिसतो, लोकांना वाटतं स्थिरावला.

म्हणून पहिली गोष्ट, पंपाचा टायमर. बोटीत टायमर असतो, तीन मिनिटं चालू पाच मिनिटं बंद वगैरे, बॅटरी वाचते म्हणून लोक तो वापरतात. थंडीत चालेल, उन्हाळ्यात पहिला मासा टाकीत गेला की पंप सतत चालू ठेवा, दिवसभर. बॅटरीची काळजी असेल तर क्रँकिंग बॅटरी (इंजिन सुरू करणारी) मोठी घ्या नाहीतर लाइव्हवेलला वेगळी द्या. ज्यांची ऐपत आहे ते ऑक्सिजनचा सिलिंडर नाहीतर पाण्यातूनच ऑक्सिजन काढणारं छोटं इलेक्ट्रिक यंत्र बसवतात, दोन्ही चांगली आहेत, पण नुसता सतत चालणारा पंप आणि बर्फ एवढ्याने सुद्धा खूप फरक पडतो.

आता बर्फ. यावर दर वर्षी वाद होतो. एक पक्ष म्हणतो की लेकचंच ताजं पाणी आत घेत राहा, माशाला सवयीचं आहे. दुसरा म्हणतो आतलं पाणी कोंडून फिरवत राहा आणि बर्फ टाका. उन्हाळ्यात मी दुसऱ्या पक्षात आहे आणि ठामपणे आहे, कारण पंप जे पाणी आत ओढतो ते पृष्ठभागाचं असतं, सगळ्यात गरम थर. तुम्ही मासा पंचवीस फुटांवरून काढलाय जिथे पाणी चांगलं थंड होतं आणि त्याला ठेवताय ८८ डिग्रीत. त्यामुळे सकाळी पाणी गार असतानाच टाकी भरून घ्या, रिसर्क्युलेटवर टाका, आणि तापमान लेकच्या पाण्यापेक्षा पाच ते आठ डिग्री फॅरनहाइट खाली ठेवा. त्याहून जास्त नाही, दहाच्या पुढे फरक गेला की आत टाकताना आणि पुन्हा लेकमध्ये सोडताना दोन्ही वेळा माशाला धक्का बसतो. काही जण उत्साहात पिशव्याच्या पिशव्या ओततात आणि पाणी सत्तरीच्या खाली नेतात, तेही वाईटच.

किती बर्फ लागतो याचा हिशेब मी एकदा बसून केला, शाळेतलंच गणित आहे. दोन लिटरच्या दोन बाटल्या गोठवल्या म्हणजे चार किलो बर्फ. तीस गॅलन म्हणजे ११३ लिटर पाणी. बर्फ वितळताना किलोमागे ३३४ किलोज्यूल उष्णता घेतो, मग वितळलेलं पाणी टाकीच्या तापमानाला येताना अजून थोडी, सगळं मिळून पाणी साधारण साडेसहा फॅरनहाइटने खाली येतं. म्हणजे दोन बाटल्यांत एकदा काम झालं. पण वरून ऊन आहे, झाकण काळं-करडं असतं, बोटीचं अंग तापलेलं असतं, तासा-दीड तासात पाणी पुन्हा चढतं, म्हणून कूलरमध्ये दिवसभराच्या बाटल्या हव्यात, सहा-आठ तरी. बाटल्याच का, सुटा बर्फ का नाही, तर विकतचा बर्फ बहुतेक नळाच्या पाण्याचा असतो आणि त्यात क्लोरीन असतं जे माशाच्या कल्ल्यांना चांगलं नाही. सुटाच वापरायचा असेल तर ॲक्वेरियमच्या दुकानात क्लोरीन मारायचे थेंब मिळतात ते टाका. आणि एक साधा पाच डॉलरचा थर्मामीटर टाकीत टांगा हो, हात घालून अंदाज घेणं बंद करा, उन्हात भाजलेल्या हाताला ८५ चं पाणी पण गारच लागतं.

पाणी कोंडून ठेवलं की एक तोटा होतो, मासे अमोनिया सोडतात, श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठतो, भेदरलेला मासा पोटातलं बाहेर काढतो. म्हणून दर दोन-तीन तासांनी निम्मं पाणी काढून नवं घ्यायचं आणि लगेच बाटली टाकायची. मधेमधे झाकण उघडून हवा लागू द्यायची. मिठाचंही सांगतो, गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात बाहेरच्या पाण्यापेक्षा खूप जास्त क्षार असतात आणि ताणात असला की ते कल्ल्यांतून बाहेर गळतात. पाण्यात ०.३ टक्के मीठ असलं की ही गळती कमी होते, तीस गॅलनला साधारण ३४० ग्रॅम, आयोडीन नसलेलं. मीठ बर्फाची किंवा ऑक्सिजनची जागा घेऊ शकत नाही, ते वरचं आहे, पण स्वस्त आहे आणि मी टाकतो. पाणी बदललं की त्या प्रमाणात पुन्हा टाकायचं हे मात्र लोक विसरतात.

खोल पाण्याचा प्रश्न वेगळाच आहे आणि टेक्सासच्या उन्हाळ्यात तो हमखास येतो, कारण मोठे मासे तेव्हा कडेला नसतातच, वीस-तीस फुटांवरच्या उंचवट्यांवर थव्याने बसतात. तेहतीस फुटांवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. बासच्या पोटात हवेची पिशवी असते आणि ती बंद पिशवी आहे, ढेकर देऊन हवा काढता येत नाही त्याला, त्यामुळे पटकन वर ओढला की ती फुगते आणि मासा टाकीत पोट वर करून तरंगायला लागतो. असा मासा सरळ राहायला धडपडतो, दमतो, आणि सोडल्यावर खाली जाऊ शकला नाही तर उन्हात वरच भाजून मरतो. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे पोटाखालच्या परांना वजनाचे छोटे चिमटे लावायचे, ते त्याला टाकीत सरळ धरतात, बरेच मासे तेवढ्यावर काही तासांत सावरतात. दुसरं म्हणजे पोकळ सुईने हवा काढणं, याला इथे फिझिंग म्हणतात, अठरा गेजची सुई, पाण्याखाली धरून कडेने टोचायची म्हणजे बुडबुडे दिसतात. हे व्हिडिओ बघून आयत्या वेळी करू नका, जाणत्याकडून शिकून घ्या, जागा चुकली तर आतले अवयव जातात. सगळी हवा काढायचीही नसते, मासा सरळ झाला की थांबायचं.

हाताळणीचं थोडक्यात. हात ओले, जाळी रबरी, डेकवरचं कार्पेट तापलेलं असतं त्यावर मासा टेकवायचा नाही, टेकवावाच लागला तर आधी बादलीभर पाणी मारायचं. अंगावरचा बुळबुळीत थर म्हणजे त्याचं संरक्षण आहे, तो गेला की दोन दिवसांनी बुरशी आणि जखमा. कलिंगसाठी जबड्याला भोक पाडणारे टॅग सोडा, चिमट्याचे वापरा, बऱ्याच स्पर्धांनी तसा नियमच केलाय आता. जड मासा नुसता जबड्याला धरून आडवा करायचा नाही, दुसरा हात पोटाखाली.

आणि आता वे-इनची रांग, ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण सकाळपासून घेतलेली सगळी मेहनत इथे दहा मिनिटांत वाया जाते आणि यात एकट्या अँगलरचा, म्हणजे गळ टाकणाऱ्याचा, दोष नसतो, आयोजनाचा असतो. दृश्य असं असतं, तीन वाजलेत, हवा १०२, तीस-चाळीस बोटी एकदम आल्यात, प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत दोनेक गॅलन पाणी आणि पाच मासे, आणि सगळे डांबरी पार्किंगवर रांगेत उभे, गप्पा चालल्यात, फोटो चाललेत. त्या पिशवीतला ऑक्सिजन दोन-तीन मिनिटांत संपायला लागतो. मासा तोंड वर काढून हवा गिळायला लागला की समजायचं. मी टाकीपाशी उभा असतो तेव्हा ज्या पिशव्या उशिरा येतात त्यातल्या माशांचे कल्ले फिकट पडलेले स्पष्ट दिसतात, आणि मला ते बघवत नाही.

यावर उपाय सगळे माहीत आहेत आणि महागडे पण नाहीत. बोट नंबरप्रमाणे बोलवा, एका वेळी पाच-सहा, बाकीच्यांनी मासे लाइव्हवेलमध्येच ठेवायचे, पंप चालू, आणि हाक आल्याशिवाय पिशवी द्यायचीच नाही. रांगेच्या जागेवर ताडपत्रीची सावली आणि तिथे हवा सोडणाऱ्या, बर्फ घातलेल्या टाक्या, पिशवी जाळीची करून ती टाकीत बुडवून ठेवायची. हवेत मासा फक्त तराजूवर. फोटो वजनानंतर एक, तो पण पटकन. आमच्याकडे एका वर्षी आयोजकांनी पिशव्यांचा नियम आणला, पाण्याशिवाय कुणी पुढे यायचं नाही आणि दोन मिनिटांच्या वर पिशवी हातात नाही, तर सुरुवातीला कुरकुर झाली पण रांग उलट लवकर सरकली.

सोडायची जागाही महत्त्वाची आहे. बोट रॅम्पपाशी, म्हणजे बोटी पाण्यात उतरवायच्या उतारापाशी, पाणी उथळ, गरम, वर पेट्रोलचा तवंग, आणि दर शनिवारी तिथेच मासे सोडले तर तिथे गर्दी होते. तिकडे लेकच्या दुसऱ्या टोकाला तीस फुटांवरून काढलेला मासा इकडे मरीनाच्या पाच फुटांत. मोठ्या स्पर्धांत टाक्या असलेल्या खास रिलीज बोटी असतात ज्या मासे मोकळ्या, बऱ्या पाण्यात नेऊन सोडतात. छोट्या क्लबला ते जमत नाही पण दोन जणांनी आपल्या बोटीच्या लाइव्हवेलमधून थोडं लांब नेणं नक्की जमतं. फार खोल पण नको, कारण उन्हाळ्यात लेकच्या तळाशी पाणी थंड असतं पण थर्मोक्लाइनच्या, म्हणजे वरचं गरम आणि खालचं थंड पाणी वेगळं करणाऱ्या थराच्या, खाली ऑक्सिजन जवळजवळ नसतोच.

या सगळ्यामागे थोडा इतिहास आहे तो मला फार आवडतो. रे स्कॉट नावाच्या अलाबामाच्या माणसाने जून १९६७ मध्ये अर्कान्सोच्या बीव्हर लेकवर आपली पहिली मोठी बास टूर्नामेंट भरवली, पुढे बी.ए.एस.एस. ही संस्था काढली. तेव्हा मासे दोरीला ओवून मेलेलेच यायचे. १९७२ मध्ये त्याने “डोंट किल युवर कॅच” ही मोहीम सुरू केली, जिवंत आणा आणि सोडा, आणि त्यातून आजचे हवा सोडणारे लाइव्हवेल घडत गेले. पन्नास वर्षांपूर्वी अँगलर लोकांनी स्वतःहून एवढा मोठा बदल केला. आणि नीट ठेवला तर बास किती जगतो याचंही उदाहरण आमच्याच भागातलं आहे, लेक फोर्कवर नोव्हेंबर १९८६ मध्ये मार्क स्टीव्हन्सनने १७.६७ पौंडांची मादी पकडली, तिचं नाव एथेल, टेक्सासच्या शेअरलंकर या मोठ्या बास माशांसाठीच्या सरकारी कार्यक्रमातली पहिली मासळी, ती पुढे मिझुरीतल्या स्प्रिंगफील्डच्या एका मोठ्या दुकानातल्या टाकीत १९९४ पर्यंत जगली. नोव्हेंबर होता हे लक्षात घ्या, पाणी थंड होतं. तीच ऑगस्टमध्ये दुपारभर टाकीत बसली असती तर काय झालं असतं कुणास ठाऊक.

आईला हे सगळं फोनवर सांगितलं की तिचा एकच प्रश्न असतो, “अरे पकडायचा आणि सोडायचा, मग पकडतोस कशाला?” आमचं मूळ देवगडकडचं, तिथे मासा आला की तो घरात शिजतो, त्यात वाया जात नाही काही. मला तिचा मुद्दा पटतो. खायला नेलेल्या माशाचं मला काही वाटत नाही, इथे नियमात बसणारे बास घरी नेऊन खाणं कायदेशीर आहे आणि चवीलाही बरा लागतो. वाईट वाटतं ते सोडला म्हणून समाधानाने घरी गेलो आणि मासा मंगळवारी लव्हाळ्यात तरंगत होता याचं, ना कुणी खाल्ला ना तो जगला. लोणावळ्याला वळवणला टाटांच्या केंद्रात कितीतरी वर्षं महाशीरची पिल्लं वाढवून सोडतात, एक मोठा मासा तयार व्हायला किती काळ आणि किती हात लागतात हे तिथे गेलं की कळतं. इथला आठ पौंडांचा बास व्हायला पण बरीच वर्षं लागतात.

काही जुने अँगलर म्हणतात की टूर्नामेंटने लेकमधले बास कमी होत नाहीत, बायोलॉजिस्टच तसं सांगतात. बरोबर आहे, बहुतेक मोठ्या लेक्समध्ये एकूण संख्येवर परिणाम दिसत नाही, मी हे नाकारत नाही. पण आपण ज्याला कॅच अँड रिलीज म्हणतो, ज्याच्या नावावर स्पॉन्सर आणतो, त्यात रिलीज खरं असलं पाहिजे. आणि उपाय डोळ्यासमोर आहे. मेजर लीग फिशिंग या संस्थेच्या बास प्रो टूर या स्पर्धेत २०१९ पासून मासा बोटीतच तोलून तिथल्या तिथे सोडतात, लाइव्हवेलचा प्रश्नच नाही. कयाकवाले तर मोजपट्टीवर मासा ठेवून फोटो काढतात, इंचांवर निकाल लावतात. लेक फोर्कवर सोळा ते चोवीस इंचांमधला बास ठेवताच येत नाही, तरी तो लेक जगभरच्या अँगलर लोकांना ओढून आणतो.

म्हणून आमच्या क्लबच्या पुढच्या मीटिंगला मी मांडणार आहे की जुलै आणि ऑगस्टच्या टूर्नामेंटा मोजपट्टी आणि फोटोवर घ्याव्यात, आणि ते मान्य नसेल तर निदान पाचऐवजी तीन मासे आणि वेळ पहाटे साडेपाच ते अकरा. रात्रीच्या टूर्नामेंटचाही पर्याय लोक सुचवतात, त्याने आपल्याला ऊन लागत नाही हे खरं, पण पाणी रात्रीत एक-दोन डिग्रीच उतरतं, त्यामुळे बर्फ रात्री पण लागतोच. मोजपट्टी ठरली तर पट्ट्या सगळ्यांच्या एकाच बनावटीच्या असाव्यात म्हणजे भांडणं होणार नाहीत, फोटोत त्या दिवसाचा कोड दिसला पाहिजे, मासा तोंड मिटून पट्टीच्या टोकाला टेकलेला हवा, आणि पट्टी वापरायच्या आधी दर वेळी पाण्यात बुडवून घ्यायची, कारण उन्हात पडलेलं ॲल्युमिनियम हाताला चटका देतं तसंच माशालाही देतं.